नवजात बाळाची पल्स ऑक्सिमेट्री: एब्स्टाईनसारखा झडपेचा दोष यात सापडतो का?

बाळ एक दिवसाचं झालं की त्याच्या उजव्या तळहाताला आणि एका पावलाला मऊ पट्टी गुंडाळायची. पट्टीतला लाल दिवा लागतो, पडद्यावर आकडा स्थिरावतो, तो लिहून घ्यायचा. सुई नाही, रक्त काढणं नाही, पाच-दहा मिनिटांत काम संपतं. हृदयातला जीवघेणा जन्मजात दोष बाळ घरी जायच्या आत पकडायची जबाबदारी एवढ्याशा तपासणीवर टाकलेली आहे. ती कितपत पेलते हे पाहायला आम्ही मुद्दाम एक अवघड गिऱ्हाईक घेतलं आहे: एब्स्टाईनचा दोष. साधारण २०,००० जन्मांत एखाद्या बाळात आढळणारा, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेचा हा दोष. तो तीव्र असेल तर ही तपासणी त्याला सहज पकडते, सौम्य असेल तर हमखास सोडते आणि मधला असेल तर मोजणी कितव्या तासाला झाली यावर सगळं ठरतं.

निकाल आधीच सांगतो. तपासणी करायलाच हवी, टाळायला एकही पटणारं कारण नाही. पण यंत्राला झडप दिसत नाही, दिसतो फक्त रक्तातला प्राणवायू. ज्या दोषात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं तिथे हे यंत्र हुशार आहे. जिथे मिसळत नाही तिथे ते बिनदिक्कत ९८ टक्के दाखवतं. कागदावर नुसतं ‘पास’ लिहिलेलं असेल, तर तपासणीतली निम्मी माहिती वाया गेली असं समजा.

आधी झडप समजून घेऊ

हृदयाच्या उजव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये ट्रायकस्पिड झडप असते. तिला तीन पाकळ्या. गर्भात या पाकळ्या खालच्या कप्प्याच्या भिंतीपासूनच सुटत सुटत तयार होतात, भिंतीचा आतला पापुद्रा सुटावा तशा. एब्स्टाईनमध्ये हृदयाच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या पडद्याकडची आणि मागची पाकळी पुरती सुटतच नाही, भिंतीला चिकटून राहते. त्यामुळे झडपेची बिजागरी जिथे हवी तिथे न राहता हृदयाच्या टोकाकडे खाली सरकते. पुढची पाकळी मात्र सुटते आणि बहुधा शिडासारखी मोठी असते. खालच्या कप्प्याचा एक तुकडा असा वरच्या कप्प्याच्या हद्दीत जातो, रक्त पुढे ढकलायला उरलेला भाग लहान पडतो आणि झडप नीट मिटत नसल्याने रक्त उलटं गळतं. १८६६ साली विल्हेल्म एब्स्टाईन या जर्मन डॉक्टरने एका १९ वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनात हे पाहून लिहून ठेवलं. रुग्ण १९ वर्षं जगला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच दोषाचं एखादं बाळ पहिल्या दिवशीच अत्यवस्थ होतं आणि एखाद्याला विशी-तिशीपर्यंत पत्ताही लागत नाही.

बिजागरी किती सरकली म्हणजे एब्स्टाईन म्हणायचं, त्याला माप आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ८ मिलिमीटर किंवा अधिक. तीन-सव्वातीन किलोच्या बाळाचा पृष्ठभाग जेमतेम ०.२ चौरस मीटर असतो. म्हणजे त्याच्या हृदयात ही सीमारेषा दीड-पावणेदोन मिलिमीटरवर येते, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी. निदानाचा शेवटचा शब्द लहान मुलांच्या हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रोज करणाऱ्या हाताचाच का लागतो, ते यावरून कळावं. ऑक्सिमीटरने झडपेचं निदान होईल ही अपेक्षाच चुकीची. त्याने फक्त इकोच्या दारापर्यंत आणून सोडायचं असतं.

आता सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची पडद्यावर दिसणारी टक्केवारी, का घसरतं ते पाहू. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये गर्भावस्थेतली एक खिडकी असते, फोरामेन ओव्हेल. झडप गळत असल्याने उजव्या वरच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि तिथलं निळं रक्त या खिडकीतून डावीकडे शिरतं. फुप्फुसांत न जाताच ते शरीरभर जातं. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्या असतात, त्यामुळे दुबळ्या उजव्या बाजूला रक्त पुढे ढकलणं आणखी जड जातं. दिवसागणिक त्या सैलावतात, रक्त पुढे सरकू लागतं, खिडकीतून होणारी मिसळ कमी होते. पहिल्या दिवशी ८६ असलेलं बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी ९४ वर येऊ शकतं. झडप तीच, सरकलेली बिजागरीही तीच, फक्त पुढची वाट मोकळी झालेली. आकडा सुधारला म्हणून इको रद्द करणं ही या दोषातली सगळ्यात महागात पडू शकणारी चूक.

पट्टीतले दोन दिवे

ऑक्सिमीटर चालतो तो दोन प्रकाशांवर: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषतं, प्राणवायू सोडलेलं लाल जास्त शोषतं. यंत्र यातला फक्त नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग उचलतं, म्हणजे धमनीतलं रक्त, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतं. ही युक्ती १९७४ मध्ये जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी शोधली. या तत्त्वातच यंत्राची ताकदही आहे आणि कमजोरीही. ठोका सापडला तर आकडा खरा. पाय थंडगार असेल, बाळ हातपाय झाडत असेल, तर यंत्र ठोका समजून दुसरंच काहीतरी उचलतं.

चांगल्या यंत्राची अचूकता नवजात बाळात साधारण अधिक-उणे २ ते ३ टक्के धरली जाते. दोन ठिकाणच्या मोजणीत ३ टक्क्यांचा फरक मोठा मानायचा आणि यंत्राची स्वतःची चूकच २ ते ३ टक्के, हा या तपासणीतला अंगभूत ताण आहे. म्हणून तर पुन्हा मोजायची तरतूद आहे. शिवाय यंत्राचं मापन निरोगी प्रौढांच्या रक्तावर, साधारण ७० टक्क्यांपर्यंत बेतलेलं असतं. त्याच्या खाली गेलं की पडद्यावरचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. गडद त्वचेत आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसण्याची शक्यता असते, तेव्हा काठावरच्या ९५ ला पाहून निर्धास्त होऊ नये. कावीळ आणि गर्भातलं हिमोग्लोबिन यांचा मात्र मोजणीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. काविळीसाठी लावलेल्या निळ्या दिव्याचा होतो, कारण तो प्रकाश थेट सेन्सरमध्ये शिरतो.

मग नुसत्या डोळ्यांनी का भागत नाही? कारण निळेपणा उशिरा दिसतो. सॅच्युरेशन ८५ च्या आसपास असलेलं बाळ भल्याभल्यांना गुलाबी वाटतं, त्यात खोलीतला उजेड आणि त्वचेचा रंग आणखी फसवतात. रक्त कमी असलेलं बाळ तर त्याहून उशिरा निळं दिसतं. डोळ्यांनी ९९ आणि ८८ यातला फरक ओळखता येत नाही. या तपासणीचं सगळं मोल नेमकं त्या ११ टक्क्यांत आहे.

खरेदी करणाऱ्यांसाठी: यंत्र नवजात बाळांसाठी मान्यता मिळालेलं, हालचाल सोसणारं आणि मंद रक्तप्रवाहातही वाचणारं हवं. पडद्यावर नाडीची लाट किंवा निदान उसळणारी पट्टी दिसायला हवी. नुसता आकडा दाखवणारं यंत्र या कामाला घेऊ नये. परफ्युजन इंडेक्स, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, दाखवणारं मिळालं तर सोन्याहून पिवळं. का, ते पुढे येईलच.

उजवाच हात का, आणि पाऊल कशाला

गर्भात फुप्फुसांकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी असते, डक्टस आर्टेरिओसस. उजव्या हाताला जाणारी रक्तवाहिनी महाधमनीतून या नळीच्या आधी फुटते. पावलाकडे जाणारं रक्त नळी ओलांडून जातं. म्हणून उजवा हात नळीपूर्वीचं रक्त दाखवतो आणि पाऊल नळीनंतरचं. डावा हात मधेच लोंबकळतो, त्याची खात्री देता येत नाही, म्हणून तो घ्यायचा नाही. ‘हात’ एवढंच लिहिलेली नोंद वाचायला मिळाली, तर कोणता हात हे विचारून घ्यावं.

दोन आकड्यांच्या जोडीला स्वतःची भाषा आहे आणि खरी मजा तिथेच आहे. हात ९८, पाऊल ९१: शरीराच्या खालच्या भागाला नळीतून निळं रक्त जातंय. डाव्या बाजूची वाट कुठेतरी अरुंद असेल, महाधमनीची झडप फार आवळलेली असेल किंवा फुप्फुसांतला दाब जास्त असेल. हात ८८, पाऊल ८८: मिसळ नळीच्या आधीच, हृदयाच्या आतच झालेली आहे. एब्स्टाईन, बंद ट्रायकस्पिड झडप, बंद किंवा अतिशय आवळलेली फुप्फुसी झडप अशीच दिसतात. हात ९०, पाऊल ९६ असं उलटं आलं तर आधी पट्ट्यांची अदलाबदल झाली नाही ना ते पाहावं. झाली नसेल तर डॉक्टरांना लगेच बोलवावं, कारण मोठ्या धमन्यांची जागा बदललेल्या काही बाळांत असं होतं.

एब्स्टाईनच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे. फरक शून्य आहे म्हणून कुणी सुटकेचा श्वास सोडत असेल तर थांबवा. या दोषात फरक येतच नाही, दोन्ही आकडे हातात हात घालून खाली येतात.

पास-नापासचं गणित

अमेरिकेत २०११ पासून ही तपासणी नवजातांच्या शिफारस केलेल्या चाचण्यांत आहे आणि तिथलीच पद्धत थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी वापरतात. मूळ पद्धतीत हात किंवा पाऊल यांपैकी एक जरी ९५ किंवा जास्त असेल आणि दोन्हींतला फरक ३ किंवा कमी असेल तर पास. कुठेही ९० च्या खाली असेल तर तिथल्या तिथे नापास, वाट पाहायची नाही. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा, आणि तेही मधलंच आलं तर तिसऱ्यांदा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अलीकडे यात दोन बदल केले: हात आणि पाऊल दोन्ही ९५ किंवा वर हवेत, आणि पुन्हा मोजायची संधी एकदाच.

फरक किरकोळ वाटतो, पण हे उदाहरण पाहा. हात ९६, पाऊल ९३. जुन्या नियमाने हे बाळ पास, कारण एक आकडा ९५ च्या वर आहे आणि फरक बरोबर ३. नव्या नियमाने तासाभराने पुन्हा मोजणी. हात ९४, पाऊल ९४ असलेलं मध्यम एब्स्टाईनचं बाळ दोन्ही नियमांत अडकतं, पण जुन्या पद्धतीत त्याला पास व्हायच्या दोन संधी आणखी मिळतात, नव्या पद्धतीत एकच. दिवसागणिक सुधारणारा दोष असेल तर प्रत्येक जादा संधी म्हणजे निसटायची वाट. आमचं मत नव्या पद्धतीच्या बाजूने आहे. थोडे इको जास्त होतील, ते परवडले.

वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. जन्मानंतर पाचव्या मिनिटाला निरोगी बाळाचं सॅच्युरेशनही ८० ते ८५ च असतं, दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५. पहिल्या काही तासांत आकडे डळमळीत असतात, म्हणून मोजणी २४ तास उलटल्यावर करायची. बाळ त्याआधीच घरी जाणार असेल तर निघण्याआधी जितकी उशिरा जमेल तितकी. साडेचार लाखांहून जास्त बाळांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने काढलेले आकडे हेच सांगतात. २४ तासांच्या आत मोजलं तर निरोगी असूनही नापास होणारी बाळं ०.४२ टक्के, नंतर मोजलं तर ०.०६ टक्के. त्याच आढाव्याचा ढोबळ हिशेब असा: वरवर निरोगी दिसणाऱ्या १०,००० बाळांत सहा जणांना हृदयाचा गंभीर दोष असेल. तपासणी त्यांतली पाच पकडेल, एक सोडेल आणि चौदा निरोगी बाळांना विनाकारण नापास करेल. इतक्या साध्या चाचणीसाठी ही कामगिरी उत्तम आहे. ‘विनाकारण’ हा शब्दही पुरता खरा नाही, त्या चौदांपैकी काहींना जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा फुप्फुसातल्या दाबाचा त्रास निघतो आणि तोही वेळेत कळणं चांगलंच.

अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी तपासणी सक्तीची केली तिथे गंभीर हृदयदोषांमुळे लवकर होणारे बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तपासणीची बाजू मांडायला एवढं पुरे.

जिथे ही तपासणी तोंडघशी पडते

निळं रक्त डावीकडे पोचायला वाट असेल तरच आकडा घसरतो. ही वाट नसलेला झडपेचा कोणताही दोष यंत्राला दिसत नाही. मध्यम आवळलेली फुप्फुसी झडप: रक्त कष्टाने का होईना फुप्फुसांतूनच जातं, आकडा ९८. दोन पाकळ्यांची महाधमनी झडप: ९९. सौम्य एब्स्टाईन, झडप थोडीच गळतेय आणि खिडकी बंद होत आलेली: ९७. गळणारी मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली: बहुधा तीही पास. यातले बरेच दोष पहिल्या आठवड्यात जीवावर बेतत नाहीत, त्यामुळे ते सुटले तरी आभाळ कोसळत नाही.

कोसळतं ते डाव्या बाजूच्या गंभीर दोषांत. महाधमनीची झडप फारच आवळलेली असेल तर शरीराचा रक्तपुरवठा त्या डक्टस नळीवर तगून असतो. ३० व्या तासाला नळी उघडी असते, आकडे काठावर किंवा चक्क नॉर्मल असतात, बाळ घरी जातं. नळी बंद होत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी त्यानंतर, बाळ राखाडी पडतं. झडपेतून येणारा खरखर आवाज ऐकू येईलच याचीही हमी नाही, कारण थकलेल्या हृदयाकडून झडपेतून रक्तच इतकं कमी जातं की आवाज मंदावतो. आवाज नाही म्हणजे दोष नाही हे समीकरण एब्स्टाईनलाही लागू पडत नाही: उजव्या बाजूचा दाब कमी असल्याने तीव्र गळतीसुद्धा हळू ऐकू येऊ शकते.

इथे परफ्युजन इंडेक्स मदतीला येतो. सॅच्युरेशन ठीक पण हा आकडा ०.७ च्या खाली असेल तर डाव्या बाजूच्या अडथळ्याचा संशय घ्यावा. पाय आधी उबदार करून पुन्हा पाहावं, कारण गार पायातही तो पडतो. ऊब देऊनही खालीच राहिला तर जांघेतली नाडी दोन्ही बाजूंना चाचपून डॉक्टरांना दाखवावं. खरं तर जांघेतली नाडी प्रत्येक बाळाची पाहायची असते. आकडा समोर आला की लोक बोटं वापरायचं विसरतात, ही या यंत्राबद्दलची आमची मुख्य तक्रार. यंत्राचा त्यात दोष नाही म्हणा.

मोजणी बिघडते ती कशी

पट्टीत एका टोकाला दिवा असतो, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारा भाग. दोन्ही समोरासमोर, एकमेकांच्या नजरेला नजर देत बसले पाहिजेत. हातावर करंगळीच्या मुळाखाली, तळहाताच्या बाहेरच्या कडेला. पावलावर करंगळीच्या खालच्या बाहेरच्या कडेला, दिवा वरून आणि टिपणारा तळव्याकडून. पट्टी तिरकी बसली तर काही प्रकाश मांसातून न जाता बाजूने निसटतो आणि आकडा ८५ कडे ओढला जातो. ८५ च्या आसपास हटून बसलेला आणि लाट नसलेला आकडा दिसला तर बाळाआधी पट्टीवर संशय घ्यावा.

पट्टी घट्ट बसावी म्हणून वरून चिकटपट्टी आवळणं ही नेहमीची चूक. रक्तप्रवाह अडतो, शिरेतलं रक्त ठोक्याबरोबर हलू लागतं, आकडा खाली येतो. पट्टीला स्वतःचा बंद असतो, तेवढाच वापरावा. पुन्हा वापरायची पट्टी असेल तर दोन बाळांच्या मध्ये ती पुसून घ्यावी, काचेवर वाळलेला मळही प्रकाश अडवतो. प्रौढांच्या बोटाला लावायचा चिमटा बाळाच्या पावलाला लावून मोजलेला आकडा नोंदवूच नये. त्यातले दिवे मोठ्या बोटाच्या जाडीसाठी बेतलेले असतात आणि बाळाच्या पायावर चिमट्याचा दाबही जास्त पडतो.

बाळ जागं आणि शांत हवं. रडताना, दूध पिताना, गाढ झोपेत किंवा थंडीने कुडकुडताना मोजू नये. आधी पाय हातात धरून ऊब द्यावी, पट्टी लावल्यावर वरून दुपटं टाकून उजेड अडवावा, काविळीचा दिवा तेवढ्यापुरता बंद करावा. मग पडद्यावरचे ठोके आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके जुळतात का ते पाहावं. दोन्हींत फार तफावत असेल तर सॅच्युरेशनचा आकडाही खोटा. लाट सलग आणि एकसारखी दिसू लागल्यावरच आकडा टिपावा. चढउतारात दिसलेला सगळ्यात चांगला आकडा उचलणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

ठोक्यांचा आकडा एब्स्टाईनमध्ये आणखी एका कारणाने मोलाचा. या दोषासोबत हृदयात विजेची एक जादा वाट असण्याचं प्रमाण बरंच असतं आणि तिच्यामुळे हृदय अचानक सुसाट धावू लागतं. बाळ शांत असूनही मिनिटाला २२० च्या वर ठोके, आणि रडो की झोपो तो आकडा जागचा हलत नाही, असं दिसलं तर लगेच ईसीजी काढावा.

नापास झाल्यावर

नापास म्हणजे हृदयरोग नव्हे, तर बाळाला आत्ता तपासा. डॉक्टर बाळ पाहतात, श्वास मोजतात, संसर्गाची शक्यता तपासतात, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी काढतात, मग इको. आकडे ८० च्या घरात असतील आणि फुप्फुसाचं दुसरं स्पष्टीकरण मिळत नसेल तर या क्रमात वेळ न घालवता थेट इको करावा. तीव्र एब्स्टाईनचा एक्स-रे विसरता येत नाही: हृदय पेटीसारखं चौकोनी आणि जवळजवळ छातीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरलेलं. ईसीजीत उजव्या वरच्या कप्प्याची लाट इतकी उंच असते की तिला ‘हिमालयन’ म्हणतात.

इकोच्या अहवालात आईवडिलांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. झडप किती सरकली आहे आणि किती गळते. वरच्या कप्प्यांमधल्या खिडकीतून रक्त कुठल्या दिशेने जातंय. फुप्फुसी झडप उघडते का. आणि उजव्या वरच्या कप्प्याचं, त्याला जोडल्या गेलेल्या तुकड्यासह, बाकीच्या कप्प्यांशी गुणोत्तर काय. हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर पहिली श्रेणी, १.५ किंवा जास्त असेल तर चौथी, आणि चौथ्या श्रेणीच्या नवजाताला धोका फार मोठा असतो.

फुप्फुसी झडपेच्या प्रश्नात एक गोम आहे. तीव्र एब्स्टाईनमध्ये उजवा खालचा कप्पा इतका दुबळा असतो की धडधाकट फुप्फुसी झडपही तो उघडू शकत नाही. इकोत ती बंदच दिसते. तिच्या पाकळ्या खरोखर एकमेकींना जुळलेल्या आहेत की ती नुसती उघडत नाही, यावर पुढचे उपचार ठरतात. झडपेतून उलटी गळती दिसली तर ती जुळलेली नाही हे नक्की. आणि नेमकी ही गळती असताना प्रोस्टाग्लँडिनचं सलाईन अंगाशी येऊ शकतं. निळ्या बाळाला नळी उघडी ठेवण्यासाठी हे औषध एरवी जीवदान देतं (श्वास थांबू शकतो, म्हणून नजर ठेवावी लागते). पण इथे नळीतून फुप्फुसी धमनीत आलेलं रक्त गळक्या फुप्फुसी झडपेतून मागे, मग गळक्या ट्रायकस्पिडमधून आणखी मागे, खिडकीतून डावीकडे आणि पुन्हा महाधमनीतून नळीत असं गोल गोल फिरत राहतं. शरीराला त्यातलं फारसं मिळतच नाही. सॅच्युरेशन बरं दिसतं आणि बाळ खालावत जातं. आकड्यावर विसंबू नये याचं यापेक्षा नेमकं उदाहरण आम्हाला माहीत नाही. मूत्र किती होतं, रक्तदाब किती आहे, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला प्राणवायू कमी पडला की वाढणारं आम्ल) वाढतंय का, हे अशा वेळी सॅच्युरेशनपेक्षा खरं बोलतात.

सगळ्याच बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. आकडे स्वतःहून सुधारत असतील, बाळ दूध पीत असेल, वजन वाढत असेल तर पुष्कळदा थांबून पाहतात. पाकळी भिंतीपासून सोडवून तिचा शंकू करून झडप नव्याने बांधायची पद्धत ब्राझीलच्या जोसे पेद्रो दा सिल्वा यांनी १९९३ मध्ये सुरू केली. ती बहुधा मूल थोडं मोठं झाल्यावर करतात.

घरी वापरायची यंत्रं

बाळाच्या पायात घालायच्या, फोनला जोडलेल्या मोज्यांनी ही तपासणी होत नाही. मोजा पायातच असतो, उजव्या हाताचा आकडा मिळत नाही, म्हणजे जोडीच तुटली. निरोगी बाळाला असा मोजा घालून रात्रभर गजर ऐकत बसण्यात आम्हाला काही हशील दिसत नाही.

निदान झालेल्या बाळाची गोष्ट वेगळी. शंट, म्हणजे फुप्फुसांना रक्त पुरवणारी कृत्रिम नळी, बसवून किंवा झडप बंद करून पुढच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या बाळांना घरी ऑक्सिमीटर आणि वजनकाटा दोन्ही देण्याची पद्धत आहे. अशा बाळाचा नेहमीचा आकडाच ७५ ते ८५ च्या दरम्यान असू शकतो. त्याला ९५ वर आणायला घरी प्राणवायू लावत बसू नये, त्याचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. एका हृदयकप्प्यावर जगणाऱ्या बाळांसाठी बहुधा वापरले जाणारे इशारे असे: सॅच्युरेशन ७५ च्या खाली, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटणं, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही न वाढणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करावा. वजन रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी, लंगोट काढून घ्यावं. ओला लंगोट २० ग्रॅम सहज लपवतो.